मेघना ओलांडणारा जनरल: युद्धातली कारकीर्द नेमकी चालते कशी?

डिसेंबर उजाडला की १६ तारखेचा विजय दिवस आणि १९ तारखेचा गोवा मुक्तिदिन मागोमाग येतात. त्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक फोटो हमखास फिरतो. १९७१ च्या युद्धाचा शेवट, ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर एक साधं टेबल, शरणागतीच्या कागदावर सही करणारे पाकिस्तानी जनरल नियाझी, शेजारी आपले जनरल जगजितसिंग अरोरा आणि मागे उभ्या अधिकाऱ्यांची रांग. त्या रांगेतल्या एका माणसाभोवती कुणीतरी लाल गोल काढलेला असतो. ते लेफ्टनंट जनरल सगतसिंग. खाली मजकूर असा, की यांनी गोवा घेतला, चीनच्या सीमेवरची नथू ला खिंड राखली, ढाक्याची वाट उघडली, तरी शौर्यपदक नाही आणि सेनाप्रमुखपदही नाही. पुढे रागाने लाल झालेले चार-पाच चेहरे.

राग समजण्यासारखा आहे, पण त्यामागे एक गृहीतक दडलेलं असतं. लढाई जिंकली की बढती मिळणारच, असं आपण धरून चालतो. सिनेमात तसंच होतं. प्रत्यक्षात सेनानीची कारकीर्द दोन वेगवेगळ्या घड्याळांवर चालते, एक शांततेतल्या बढतीचं आणि दुसरं युद्धाचं, आणि ती दोन्ही एकच वेळ दाखवतीलच असं नाही.

जनरल म्हणजे नक्की कोण?

सैन्यात माणसं मोजण्याचं मूळ माप म्हणजे पलटण, साधारण आठशे जवानांची. अशा तीनेक पलटणींची एक ब्रिगेड. तीनेक ब्रिगेड, त्यांच्या जोडीला तोफखाना, इंजिनियर, दवाखाना, वाहनं असं सगळं मिळून डिव्हिजन, म्हणजे अंदाजे पंधरा हजार माणसं. दोन-तीन डिव्हिजनची मिळून कोअर. ब्रिगेडचा प्रमुख ब्रिगेडियर, डिव्हिजनचा मेजर जनरल, कोअरचा लेफ्टनंट जनरल. नुसता ‘जनरल’ म्हणजे सेनाप्रमुख, कित्येक वर्षं देशात एकच. (तिन्ही दलांचा मिळून जो संरक्षणदल प्रमुख असतो, ते पद अगदी अलीकडचं, २०२० पासूनचं.)

आषाढी वारी पाहिलेल्याला हे चटकन कळेल. दिंडीतला माणूस चालतो, टाळ वाजवतो, त्याच्या पायाला फोड येतात. पण पुढचा मुक्काम कुठे, पाण्याचे टँकर कुठे उभे राहणार, घाटात कोणती दिंडी आधी चढणार आणि मधेच पाऊस आला तर काय, हे कुणीतरी आदल्या रात्री ठरवलेलं असतं. जनरल तो. फरक इतकाच, की त्याच्या वारीची वाट अडवायला समोर दुसरा तितकाच शहाणा माणूस बसलेला असतो.

म्हणून जनरल बंदूक चालवत नाही. कोणता रस्ता, कोणती वेळ, कुठे जोर लावायचा, कुठे थांबायचं आणि राखीव फौज कधी ओतायची, हे तो ठरवतो. संपूर्ण युद्धात असे खरे निर्णय पाच-सहाच असतात. बाकीचं काम त्याच्या हाताखालची माणसं त्याच्यापेक्षा चांगलं करतात, आणि शहाणा जनरल ते त्यांना करू देतो.

शांततेतलं घड्याळ

आता बढती. कर्नलच्या पुढची प्रत्येक पायरी निवड मंडळातून जाते. मंडळापुढे असतात वार्षिक गोपनीय अहवाल, म्हणजे वरिष्ठाने दरवर्षी लिहिलेलं प्रगतिपुस्तक. जागा वर जाताना कमी कमी होत जातात. दहीहंडीच्या थरांसारखं हे. खालच्या थरात पंचवीस-तीस गडी खांद्याला खांदा लावून उभे, वर एकच गोविंदा. खालचे सगळे नालायक म्हणून वर चढले नाहीत, असं कुणी म्हणत नाही.

शिवाय जन्मतारीख. आज मेजर जनरल अठ्ठावन्नव्या वर्षी निवृत्त होतो, लेफ्टनंट जनरल साठाव्या, आणि सेनाप्रमुख बासष्टाव्या वर्षी किंवा तीन वर्षं पूर्ण झाल्यावर, जे आधी येईल तेव्हा. त्यामुळे प्रमुखाची खुर्ची रिकामी होईल त्या महिन्यात तुम्ही नोकरीत आहात का, हा प्रश्न तुमच्या कर्तबगारीइतकाच मोठा होतो.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगावच्या लढाईत पलटण लढवून डीएसओ हे ब्रिटिश शौर्यपदक मिळवलेले, कोरियात भारतीय फौजेचं नेतृत्व केलेले. पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी चीन ईशान्येत कसा उतरू शकतो याचा अंदाज कागदावर मांडला आणि १९६० मध्ये लखनौत ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धसराव घेऊन तो पटवायचा प्रयत्नही केला. तेव्हाचे सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांना आपल्यामागे थोरात हवे होते. सरकारने थापर यांना नेमलं. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले. १९६२ च्या ऑक्टोबरात चिनी फौजा खाली उतरल्या तेव्हा हा अंदाज बांधणारा माणूस साध्या कपड्यांत घरी होता.

युद्ध कधी येणार हे जनरलच्या हातात नसतं. त्याची जन्मतारीखही नसते.

दोडामार्ग ते बेती

सगतसिंग बिकानेर संस्थानाच्या गंगा रिसाल्यातून आलेले. संस्थानं विलीन झाल्यावर ते भारतीय सैन्यात गुरखा रायफल्समध्ये आले. म्हणजे मुख्य रस्त्याने नव्हे, बाजूच्या गल्लीतून. १९६१ मध्ये त्यांच्याकडे ५० पॅराशूट ब्रिगेड दिली गेली, तेव्हा ते छत्रीधारी सैनिक नव्हतेच. चाळिशी ओलांडलेल्या या ब्रिगेडियरने विशीतल्या पोरांबरोबर विमानातून उड्या मारून छातीवरचा पंखांचा बिल्ला मिळवला. छत्रीधारी पलटणींत त्या बिल्ल्याशिवाय साहेबाला साहेब मानत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.

डिसेंबरमध्ये गोव्याची मोहीम ठरली. मुख्य हल्ला पूर्वेकडून, घाट उतरून, १७ इन्फंट्री डिव्हिजनने करायचा. सगतसिंगांच्या ब्रिगेडचं काम दुय्यम होतं. उत्तरेकडून, आपल्या सावंतवाडी-दोडामार्गच्या बाजूने आत शिरायचं आणि पोर्तुगीजांचं लक्ष विभागायचं.

१८ डिसेंबरच्या पहाटे सगळे निघाले. पूर्वेकडच्या फौजेला उडवलेले पूल आणि सुरुंग आडवे आले. उत्तरेकडेही पूल पाडलेले होतेच, पण ही ब्रिगेड तीन वाटांनी पसरून चालली होती. एक वाट अडली तर दुसरी चालू राहायची. त्यातली एक तुकडी संध्याकाळी थेट बेतीला, मांडवीच्या काठावर पोचली. पलीकडे पणजी. दुसऱ्या दिवशी सकाळी नदी ओलांडून सैनिक शहरात शिरले. लक्ष विभागायला पाठवलेली फौज राजधानीत आधी पोचली. त्याच ब्रिगेडमध्ये २ पॅरा ही पलटण होती, मूळची मराठा लाइट इन्फंट्रीतली. ती फोंड्याच्या वाटेने गेली. तिचं नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

पलीकडच्या जनरलकडेही बघायला हवं. पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालू ई सिल्व्हा यांना लिस्बनहून सालाझारचा हुकूम होता, की शरण जायचं नाही, जिंका किंवा मरा. हाताशी तीन-साडेतीन हजार माणसं, लढाऊ विमानं नाहीत, समोर पूर्ण डिव्हिजन. १९ च्या संध्याकाळी त्यांनी शरणागती पत्करली आणि गोव्यातली माणसं, घरं, चर्च, देवळं वाचली. मायदेशी परतल्यावर त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आलं. १९७४ मध्ये पोर्तुगालमधली हुकूमशाही उलथली, तेव्हा कुठे त्यांचा हुद्दा परत मिळाला. माझ्या मते त्या दोन दिवसांतला सर्वांत कठीण निर्णय या हरलेल्या माणसाचा होता.

पण हुकूम मोडणं चालतं का?

सगतसिंगांचं नाव निघालं की हा आक्षेप येतोच. नेमून दिलेल्या कामापुढे प्रत्येक जण जाऊ लागला तर सैन्य कशाला म्हणायचं?

एक घरगुती प्रसंग घ्या. पाहुणे आलेत, आई मुलाला सांगते, “कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आण.” दुकान बंद. एक मुलगा परत येऊन सांगतो, “दुकान बंद होतं.” दुसरा पुढच्या गल्लीत जाऊन दूध आणतो. दुसऱ्याने शब्द मोडला, पण आईला चहा करायचा होता हे त्याला कळलं होतं. तिसरा मुलगा मात्र त्याच पैशांत क्रिकेटचा चेंडू आणतो. लष्करी भाषेत पहिली गोष्ट म्हणजे ‘कामगिरी’, म्हणजे काय करायचं. दुसरी म्हणजे ‘सेनापतीचा हेतू’, म्हणजे कशासाठी करायचं. चांगल्या सैन्यात दोन्ही सांगितलं जातं. हेतूसाठी कामगिरी वाकवणाऱ्याला मोकळीक असते. चेंडू आणणाऱ्याला नसते.

अडचण अशी, की रणांगणावर दुसरा आणि तिसरा मुलगा कोणता हे बहुतेक वेळा निकाल लागल्यावरच कळतं.

नथू लाचंच पाहा. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये पाकिस्तानशी लढाई चालू असताना चीनने सिक्कीमच्या सीमेवरच्या चौक्या रिकाम्या करा म्हणून दम दिला. शेजारच्या डिव्हिजनने जेलेप ला ही खिंड सोडली आणि चिनी तिथे येऊन बसले. सगतसिंग आता मेजर जनरल होते, १७ माउंटन डिव्हिजनचे प्रमुख. नथू ला ही पाणलोटाची नैसर्गिक सीमा आहे, ती सोडली तर चिनी वरून खाली बघतील आणि आपण खालून वर, असं म्हणत ते जागचे हलले नाहीत. दोन वर्षांनी, ११ सप्टेंबर १९६७ ला, तिथे तारेचं कुंपण घालताना चिन्यांनी गोळीबार केला. उघड्यावर उभी असलेली आपली माणसं पहिल्या काही मिनिटांतच पडली. मग भारतीय तोफांनी उत्तर दिलं, आणि उंचावर असल्यामुळे त्यांना खालचं स्पष्ट दिसत होतं. चकमक १४ पर्यंत चालली, पुढच्या महिन्यात चो ला या दुसऱ्या खिंडीत पुन्हा पेटली. दोन्ही मिळून आपले ८८ जवान गेले.

खिंड राहिली. सगतसिंगांची त्याच वर्षाच्या अखेरीस शिलाँगला बदली झाली.

एकच खुर्ची, तीन माणसं

युद्ध जनरलचं काय करतं हे एकाच खुर्चीकडे बघून समजतं. चौथी कोअर १९६२ च्या ऑक्टोबरात घाईघाईने उभी केली गेली. पहिले प्रमुख बी. एम. कौल. दिल्लीत वजन, कामाचा झपाटा, पण लढाईत फौज चालवल्याचा अनुभव जवळपास शून्य. हिमालयाच्या उंचीवर ते आजारी पडले, दिल्लीला परतले आणि अंथरुणावरून कोअर चालवत राहिले. महिनाभरात पराभव पुरा झाला आणि थोड्याच काळात त्यांची नोकरीही संपली. शांततेच्या घड्याळात कौल सर्वांच्या पुढे होते.

त्यांच्या जागी आले सॅम माणेकशॉ. तोवर त्यांच्यावर चौकशी समिती बसून गेली होती. निर्दोष सुटले, तरी कारकीर्द थिजली होती. १९६२ झालं नसतं तर ते मेजर जनरल म्हणूनच निवृत्त झाले असते, असं मानायला जागा आहे. सात वर्षांनी ते सेनाप्रमुख होते.

आणि १९७१ मध्ये त्याच खुर्चीवर सगतसिंग.

(युद्धात जनरल किती झटकन पडतो याचंही एक उदाहरण देतो. १९६५ मध्ये लाहोर आघाडीवर १५ डिव्हिजनच्या प्रमुखाला लढाई सुरू होऊन दोन दिवस होत नाहीत तोच हटवण्यात आलं. मागे टाकून दिलेली त्यांची जीप कागदपत्रांसकट पाकिस्तानच्या हाती लागली ती वेगळीच.)

मेघनेच्या काठावर

आता पूर्व पाकिस्तानचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मधोमध ढाका, आणि त्याच्या चहूबाजूंनी नद्या. पश्चिमेला पद्मा आणि जमुना, पूर्वेला मेघना. आपल्या कृष्णा-भीमेवर ज्यांची नजर तयार झाली आहे त्यांना मेघना नदी वाटतच नाही, ती खाडी वाटते. चौथी कोअर त्रिपुराच्या बाजूने आत शिरणार होती. मुख्यालय आगरतळ्याजवळ तेलियामुऱ्याला, हाताखाली तीन डिव्हिजन. कामगिरी होती मेघनेपर्यंत जाण्याची. त्यापुढची नाही.

युद्ध ३ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झालं. ९ तारखेपर्यंत चांदपूर, दाऊदकांदी आणि आशुगंज या तिन्ही ठिकाणी कोअर नदीच्या काठाला भिडली होती. आशुगंजला रेल्वेचा मोठा पूल होता. पाकिस्तानी फौजेने मागे सरकताना तो उडवला आणि पलीकडच्या काठावर, भैरव बाजारला मोर्चा लावून बसली. पूल नाही म्हणजे भारतीय फौज इथेच येणार, रुतणार आणि पूल बांधत बसणार, हा त्यांचा हिशेब. पुस्तकाप्रमाणे तो बरोबरच होता.

सगतसिंगांच्या हाताशी हवाई दलाची डझनभर मी-४ हेलिकॉप्टरं होती. एका फेरीत एका हेलिकॉप्टरमध्ये मोजकीच माणसं बसायची. ७ तारखेला सिल्हेटजवळ गुरख्यांची एक पलटण त्यांनी याच पद्धतीने उतरवून पाहिली होती. ग्रुप कॅप्टन चंदनसिंगांना घेऊन ते स्वतः छोट्या हेलिकॉप्टरमधून जागा हेरत हिंडत. अशाच एका फेरीत खालून गोळीबार झाला, वैमानिक जखमी झाला. कोअरच्या प्रमुखाने असं हिंडावं का, यावर दोन मतं असू शकतात. पण कोणतं शेत कोरडं आहे, कुठे माणसं नाहीत, हे नकाशावर दिसत नाही.

९ च्या दुपारपासून ४ गार्ड्स या पलटणीचे जवान पूल सोडून दक्षिणेला, रायपुऱ्याच्या बाजूला, नदीपलीकडे उतरू लागले. भैरव बाजारची फौज पुलाकडे तोंड करून बसली होती, ती तशीच बसून राहिली. रात्रीही फेऱ्या चालू होत्या, उतरायच्या जागा टॉर्चच्या उजेडाने दाखवल्या जात. माणसं पोचली, पण तोफा आणि रणगाड्यांचं काय? पीटी-७६ हे रणगाडे पाण्यावर तरंगतात. इतकं पाणी कापताना मात्र त्यांची इंजिनं तापून बंद पडू लागली. मग गावकऱ्यांच्या होड्यांनी ते ओढून नेले. आजूबाजूच्या गावांतली माणसं खांदा द्यायला धावली होती. हे त्यांच्याच मुक्तीचं युद्ध होतं.

पूर्व विभागाचे प्रमुख जनरल अरोरा यांना हे पुढे जाणं मान्य नव्हतं, दोघांत खडाजंगी झाली, असं त्या काळच्या अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. अरोरांची बाजूही पोकळ नव्हती. नदीपलीकडे दोन-तीन पलटणी, मागे पूल नाही, दारूगोळा हेलिकॉप्टरच्या फेऱ्यांवर अवलंबून. शत्रूने त्याच रात्री नेटाने उलट हल्ला केला असता तर? मग आज व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर वेगळा असता. सगतसिंग मागे फिरले नाहीत. नरसिंगडी घेतली आणि त्यांच्या तुकड्या ढाक्याच्या पूर्वेला शीतलक्ष्या नदीपर्यंत पोचल्या.

इकडे ११ डिसेंबरला उत्तरेला टांगाईलजवळ छत्र्या उतरल्या. तीच २ पॅरा. १६ च्या सकाळी ढाक्यात पहिली शिरली तीही हीच पलटण. दहा वर्षांपूर्वी फोंड्याच्या रस्त्यावर सगतसिंगांच्या हाताखाली चाललेली ही मराठा पलटण आता दुसऱ्या वाटेने, ते निघाले होते त्याच ढाक्याला आली होती.

ढाका हे मुळात ठरवलेलं लक्ष्य होतं का, यावर लष्करी इतिहास लिहिणाऱ्यांत आजही भांडण आहे. एक मात्र सगळ्यांना मान्य आहे. पूर्वेकडून मेघना ओलांडली गेल्यावर नियाझींच्या नकाशावर सुरक्षित अशी बाजूच उरली नाही.

मग सेनाप्रमुख का झाले नाहीत?

आधी फॉरवर्डची दुरुस्ती. सगतसिंगांना काहीच मिळालं नाही हे खरं नाही. पद्मभूषण मिळालं, परम विशिष्ट सेवा पदकही मिळालं. मिळालं नाही ते युद्धातलं शौर्यपदक. त्याच युद्धात दुसऱ्या कोअरचे प्रमुख असलेल्या टी. एन. रैनांना महावीर चक्र मिळालं, त्यामुळे ही बोच उगाच नाही.

आता खुर्ची. माणेकशॉ जानेवारी १९७३ मध्ये निवृत्त झाले आणि जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर आले. त्यांना मुदतवाढ मिळाली, आणि तेवढ्यात व्हिक्टोरिया क्रॉस विजेते प्रेम भगत वयामुळे निवृत्त होऊन शर्यतीबाहेर गेले. १९७५ मध्ये रैना प्रमुख झाले, ते १९७८ पर्यंत. सगतसिंग १९७६ मध्ये निवृत्त झाले. दहीहंडीच्या वरच्या थरावर जागा एकच, आणि ती भरलेली.

“म्हणजे राजकारणच झालं ना?” असं कुणी म्हणेल. राजकारण कधीकधी असतंच. १९८३ मध्ये ज्येष्ठता डावलून अरुणकुमार वैद्यांना प्रमुख केलं तेव्हा एस. के. सिन्हांनी राजीनामा दिला. वैद्य म्हणजे दोनदा महावीर चक्र मिळवलेला माणूस, म्हणून आपल्याकडे त्याबद्दल कुणी फारसं कुरकुरलं नाही. आपल्याला आवडणारा माणूस मागे पडला की राजकारण, पुढे गेला की गुणवत्ता, असा आपला हिशेब असतो. पण लोकशाहीत प्रमुख कोण हे सरकारच ठरवणार. ज्या शेजाऱ्याकडे हे जनरल मंडळी आपसात ठरवतात, तिथलं काय झालं ते १९७१ नेच दाखवलं.

आणि एक गैरसोयीची शंका. नदीकाठी थांबायला सांगितल्यावर न थांबणारा माणूस प्रमुखाच्या खुर्चीवर चालला असता का? ते काम बहुतांशी अंदाजपत्रक, खरेदी, मंत्रालय, तिन्ही दलांचा समन्वय असं असतं. कदाचित उत्तम चालला असता, कदाचित वर्षभरात भांडून बसला असता. गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या वरिष्ठाच्या मनात हा प्रश्न येतोच, आणि बेती, नथू ला, मेघना अशा तीन ठिकाणच्या वागण्यात त्याला एकच स्वभाव दिसत असतो.

निवृत्तीनंतर सगतसिंग जयपूरला राहिले, २००१ मध्ये वारले. तिथल्या आपल्या घराला त्यांनी नाव दिलं होतं ‘मेघना फार्म’.